मिरगाच्या सरी आणि एचडी छत्री : गोव्यातल्या घरी डिश कशी बसवावी

मिरग लागला की गोव्यातल्या कितीतरी घरांत संध्याकाळचा टीव्ही अर्ध्यावर तुटतो. आधी पडद्यावर चौकोन-चौकोन दिसतात, आवाज अडखळतो आणि मग "सिग्नल नाही" अशी पाटी येते. फोंड्याजवळच्या आमच्या घरी सलग तीन पावसाळे हेच झालं. छत्री बसवायला आलेल्या माणसाने ती समोरच्या, म्हणजे पश्चिमेच्या गॅलरीच्या कठड्याला दोन बोल्टांवर टांगली आणि दहा मिनिटांत निघून गेला. चौथ्या उन्हाळ्यात मी ती स्वतः उतरवली आणि घराच्या आग्नेय कोपऱ्यात नव्याने बसवली. तेव्हापासून जोरदार सरीत चित्र जातं ते पाच-सात मिनिटांपुरतं, आणि सर ओसरली की आपोआप परत येतं. नंतर शेजारी आणि नातेवाइकांच्या बऱ्याच छत्र्या मी बसवून दिल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: सेट-टॉप बॉक्स कितीही महागाचा असो, गोव्यात चित्र टिकतं ते जागेवर, खांबावर आणि वायरीवर. आणि ही तिन्ही कामं पावसाआधी, मार्च ते मे या महिन्यांतच करायची असतात.

आधी सेवा ठरवा

घरात काय पाहिलं जातं यावर सगळं अवलंबून आहे. बातम्या, डीडी सह्याद्री, डीडी गोवा आणि जुने सिनेमे एवढं पुरत असेल, तर डीडी फ्री डिश उत्तम. महिन्याला एक पैसाही भरावा लागत नाही. ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये डीडी गोवासह अनेक राज्यांच्या वाहिन्या तिच्यावर आल्या. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. मात्र फ्री डिशसाठी बॉक्स घेताना त्यावर 'एमपेग-४' आणि 'डीव्हीबी-एस२' लिहिलंय ना, ते पाहूनच घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर साध्या वाहिन्या येतात, पण दूरदर्शनच्या एचडी वाहिन्या दिसत नाहीत.

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या हव्या असतील तर पैसे भरून मिळणारी खाजगी सेवा घ्यावी लागते. तिथे छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरची, सिग्नल पकडणारी डबी) आणि बॉक्स कंपनीचाच असतो. तरीही पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे, कारण छत्री कुठे बसवायची हे सांगण्याचा अधिकार घरमालकाचा आहे. बसवणारा येण्याआधी जागा तुम्ही निवडून ठेवलेली असली, तर तो सोयीचा कठडा शोधत नाही.

आकाश कुठे मोकळं हवं

हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर आपल्या दृष्टीने एका जागी स्थिर असतात. गोव्यातून पाहिलं तर आपल्या उपयोगाचे सगळे दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये, म्हणजे आग्नेयेकडे आहेत. पणजीचा अक्षांश-रेखांश धरून काढलेले कोन देतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत यात अंश-दीड अंशाचाच फरक पडतो.

फ्री डिश (९३.५ अंश पूर्व): उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२७ अंश, क्षितिजापासून उंची ६१ अंश.
टाटा प्ले (८३ अंश पूर्व): दिशा १४९, उंची ६९.
डीटूएच (८८ अंश पूर्व): दिशा १३७, उंची साडेपासष्ट.
डिश टीव्ही (९५ अंश पूर्व): दिशा १२५, उंची साडेएकोणसाठ.
एअरटेल (१०८.२ अंश पूर्व): दिशा १११, उंची ४७.

वाळपई, साखळीकडचे लोक मला हमखास विचारतात, "पूर्वेला डोंगर आहे, सिग्नल अडणार नाही का?" पूर्वीच्या उंच अँटेनाच्या काळी डोंगर खरोखर आड यायचा, कारण ते प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचं. उपग्रह मात्र जवळजवळ डोक्यावर आहे. ६१ अंशांवर सह्याद्री आड येत नाही. आड येतो तो परसातला माड.

माडाचा हिशेब सोपा आहे. छत्रीपेक्षा माड जितका उंच असेल त्या उंचीला फ्री डिशसाठी १.८ ने भागा. तेवढ्या मीटरांच्या आत, आग्नेय दिशेला तो माड असेल तर तो आड येणार. जमिनीवरच्या छत्रीसमोर १५ मीटरचा माड असेल तर तो किमान साडेआठ मीटर लांब हवा. एअरटेलचा उपग्रह खाली असल्यामुळे त्याच माडासाठी १४ मीटर लागतात. टाटा प्लेला सहाच मीटर पुरतात. दाट माडांच्या कुळागरात घर असेल तर सेवा निवडतानाच हा फरक मोजा. झावळांच्या फटीतून उन्हाळ्यात सिग्नल मिळतो म्हणून फसू नका. पावसाने भिजलेली झावळ सिग्नल खाऊन टाकते.

याहून खात्रीची एक रीत आहे, तिला कसलंही यंत्र लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, १३ तारखेच्या आसपास, सूर्य रोज ठरावीक वेळी नेमका उपग्रहाच्या मागे येतो. गोव्यात फ्री डिशसाठी ती वेळ सकाळी सव्वाअकराच्या सुमाराची, डिश टीव्हीसाठी अकरा वाजून पाच मिनिटांची, डीटूएचसाठी साडेअकरा-पावणेबाराची, टाटा प्लेसाठी बाराची आणि एअरटेलसाठी दहा वाजून पाच मिनिटांची. त्या क्षणी छत्रीच्या जागेवर स्वच्छ ऊन पडलेलं असेल, तर उपग्रह तिथून दिसतो. झावळीची, पाणीटाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली असेल, तर जागा बदला. त्या दिवशी जमिनीवर खडूने खूण करून ठेवा, पुढचं अर्धं काम झालं.

जागा आणि पाया

आमची पहिली छत्री पश्चिमेला होती ही खरी चूक. पावसाळ्यातला वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, समुद्राचं खारं बाष्पही त्याच बाजूने. आपल्याला पाहायचंय आग्नेयेकडे. म्हणजे घराच्या पूर्व किंवा आग्नेय बाजूला, भिंतीच्या आडोशाला छत्री बसवली की तोंड उपग्रहाकडे राहतं आणि पाठीशी घर येतं. गोव्यात राहणाऱ्याला निसर्गाने दिलेली ही सोय आहे, ती वापरली पाहिजे. फक्त छप्पर किंवा पावळी छत्रीच्या तोंडासमोर येता कामा नये.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल तर सावध राहा. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यात फुगणारा फास्टनर ठोकला की तो उन्हाळ्यात घट्ट वाटतो, पण वाऱ्याच्या धक्क्यांनी भोक मोठं होत जातं आणि जुलैमध्ये छत्री हलू लागते. गिलावा असला तरी आत चिराच असतो. अशा ठिकाणी बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन आतल्या बाजूने लोखंडी पट्टी लावावी, नाहीतर लिंटेलच्या किंवा स्लॅबच्या काँक्रीटमध्ये बसवावा. गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडणं टाळलेलंच बरं, कारण तिथून गळती सुरू झाली की घरात टीव्हीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. त्यापेक्षा कठड्याला आतून क्लॅम्प किंवा गच्चीवर जड काँक्रीटचा ठोकळा करून त्यात खांब उभा करावा. कौलारू घर असेल तर छपरावर चढूच नका. अंगणात दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये दोन इंची जीआय पाइप उभा केला, तर तो सगळ्यात भक्कम, आणि पुसायला शिडीही लागत नाही.

खांब सरळ उभा आहे का, हे दोन बाजूंनी पाणसळ किंवा ओळंबा लावून पाहा. खांब दोन अंश कलला तर छत्रीवरचे अंशांचे आकडे खोटे ठरतात आणि पुढे तासभर चाचपडावं लागतं. मोरजी, कोलवा, पाळोळे अशा किनाऱ्यालगतच्या गावांत बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३१६ प्रतीचे मिळाले तर फार चांगलं, ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त टिकतात. छत्रीबरोबर येणारे साधे नट तिथे दोन पावसांत इतके गंजतात की पाना लावला की डोकंच तुटतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीवर काही करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. गच्चीवरून किंवा अंगणावरून विजेची तार जात असेल, तर पाइप उभा करताना तिच्यापासून पाइपच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा. या बाबतीत घाई करू नका.

छत्री फिरवणं

छत्री ६० सेंटिमीटरची मिळते आणि उन्हाळ्यात ती पुरते. पण माझा आग्रह ७५ किंवा ९० सेंटिमीटरचा आहे, कारण गोव्याचा पाऊस. हे सिग्नल सुमारे ११-१२ गिगाहर्ट्झचे, म्हणजे त्यांच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मोठ्या थेंबांची दाट सर ते शोषते, विखुरते आणि वर स्वतःचा गोंगाटही भरते. ९० ची छत्री ६० च्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते. एचडी वाहिन्यांना बहुधा जास्त स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून पावसात आधी एचडी जाते आणि साधी वाहिनी थोडा वेळ टिकते. गरजेपेक्षा जास्तीचा सिग्नल जितका शिल्लक, तितका चित्र जाण्याचा वेळ कमी. दीड-दोन मिनिटांत धो-धो कोसळणारी सर मात्र कुठल्याही घरगुती छत्रीला आडवी येईल, ते मान्य करून चालावं.

आता प्रत्यक्ष काम. एकाने छत्रीपाशी, एकाने टीव्हीपाशी राहायचं आणि मोबाइलवर बोलत राहायचं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'सिग्नल'चं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे कुठल्याही लहरी नुसत्या किती जोरात येतायत ते, आणि ती चुकीच्या दिशेलाही भरलेली दिसते. आपण क्वालिटीच पाहायची. फ्री डिशसाठी एलएनबीचा प्रकार 'युनिव्हर्सल' (९७५०/१०६००) निवडा आणि ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा, वाहिन्यांचा एक गट पाठवणारा प्रक्षेपक) ११०९०, व्हर्टिकल, २९५०० ठेवा.

आधी उंचीचा अंश लावा. घरगुती छत्री 'ऑफसेट' असते, म्हणजे तिची थाळी प्रत्यक्षात उपग्रहाच्या उंचीपेक्षा बरीच उभी दिसते. ६१ अंशांसाठी ती साधारण ३५-३६ अंशांवर रोखलेली वाटेल. गोंधळू नका, क्लॅम्पवरच्या पट्टीचा आकडा माना. मग मोबाइलच्या होकायंत्राने दिशा घ्या, पण लोखंडी खांबापासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून. खांबाला चिकटून घेतलेली दिशा वीस-वीस अंशांनी चुकते.

आता छत्री आडवी, अगदी सावकाश फिरवा. एकदा बोटभर सरकवली की तीन-चार सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. नवशिक्यांची सगळी फसगत इथेच होते. ते फिरवतच राहतात आणि नेमकी जागा ओलांडून जातात. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, आणि ९३.५ व ९५ अंशांवरचे उपग्रह एकमेकांपासून दीडच अंशावर आहेत. म्हणून स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असं दिसलं, तर बहुधा तुम्ही शेजारच्या उपग्रहाकडे पाहत आहात. किंचित मागे या.

क्वालिटी आली की आडव्या दिशेने दोन्हीकडे सरकवून ती जिथे कमी होते त्या दोन खुणा करा आणि नेमक्या मध्ये थांबा. मग उंचीचंही तसंच. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत फिरवायची. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात, आणि गोव्यात तर ही फार महत्त्वाची. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्यामुळे त्याच्या लहरी आपल्याकडे तिरक्या पोहोचतात. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे पाहत एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने वळवा. फ्री डिशसाठी हिशेबाने हा तिरकेपणा सुमारे ५० अंश, टाटा प्लेसाठी ३० च्या आसपास. तिथून सुरुवात करून क्वालिटी सर्वांत जास्त दिसेल तिथे पक्की करा. आमच्या जुन्या छत्रीची एलएनबी सरळच बसवलेली होती. ती वळवताच क्वालिटी जवळजवळ दुप्पट झाली.

नट एकदम एका बाजूचा आवळू नका, आळीपाळीने आवळा आणि प्रत्येक वेळी क्वालिटी पाहा. आवळताना छत्री अर्धा अंश तरी सरकतेच.

वायर आणि तिची टोकं

वायर आरजी-६, ७५ ओहमची, मधली तार पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्त वायरीत मधली तार पोलादाची असते आणि वर तांब्याचा मुलामा. लांब अंतरावर तिच्यातून एलएनबीला लागणारा १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पुरेसा पोहोचत नाही, मग काही वाहिन्या येतात आणि काही नाहीत. तीस मीटरपर्यंत एकच अखंड तुकडा वापरा, मध्ये जोड नको.

टोकाला एफ-कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीचा एकही धागा मधल्या तारेला लागू देऊ नका. बाहेरचं टोक एलएनबीला घट्ट बसवल्यावर त्यावर सिलिकॉन ग्रीस आणि वरून रबरासारखी ताणून एकजीव होणारी टेप गुंडाळा. साधी काळी टेप आमच्या उन्हात महिन्याभरात सुटते. एलएनबीजवळ वायरीला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरकडे न जाता वळशावरूनच टपकतं. घरात शिरतानाही भोक आतून बाहेर उतरतं पाडा.

दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीलाही वेगळा बॉक्स द्यायचा असेल तर वायरीला फाटा फोडू नका. दोन बॉक्स एकाच वेळी वेगवेगळा दाब मागतात. त्यासाठी दोन तोंडांची 'ट्विन' एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी लागतात.

खांबाला अर्थिंग द्या. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू होण्याआधीच बॉक्सची विजेची पिन आणि छत्रीची वायर, दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद केलं तर वायरीवरून येणारा झटका एचडीएमआयमार्गे टीव्हीपर्यंत जाऊ शकतो.

आत, टीव्हीपाशी

शेजारच्या काकींकडे दीड वर्ष एचडी बॉक्स होता आणि त्या रोज साधीच वाहिनी पाहत होत्या. दोन्हींचे नंबर वेगळे असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून पहिलं काम, घरातल्यांच्या आवडत्या एचडी वाहिन्यांचे नंबर 'फेव्हरिट'मध्ये टाकून द्या.

बॉक्स आणि टीव्ही एचडीएमआय केबलनेच जोडा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांतून एचडी येतच नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय किंवा १०८०पी, ५० हर्ट्झ निवडा. ६० ठेवलं तर बातम्यांची खालची पट्टी धक्के खात सरकते. आकार १६:९ ठेवा, आणि टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' चालू करा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. चित्र आहे पण काही वाहिन्यांवर आवाज नाही असं झालं, तर बॉक्सचा ऑडिओ 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ'वर आणा.

फरक का दिसतो ते समजून घ्या. साध्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर ठिपके असतात. पूर्ण एचडीत वीस लाखांहून जास्त. ३२ इंची टीव्हीपासून दहा-बारा फुटांवर बसणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. ४३ इंची टीव्ही सहा-सात फुटांवर असेल तर लगेच कळतो.

दर वर्षीचा फेरा

एप्रिल-मेमध्ये एकदा छत्री ओल्या फडक्याने पुसा, शेवाळ राहू देऊ नका. एलएनबीच्या तोंडावरची टोपी चिरलेली असेल तर एलएनबीच बदला. आत पाणी गेलं किंवा कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं की सिग्नल हळूहळू मरतो आणि कारण सापडत नाही. नट आवळा, टेप पाहा, त्या वर्षी वाढलेल्या झावळा उतरवा. क्वालिटीचा आकडा छत्रीच्या मागे पेन्टने तारखेसह लिहून ठेवा. जूनमध्ये, पाऊस नसलेल्या दिवशी तो खाली आलेला दिसला, तर छत्री हलली आहे किंवा वायरीत पाणी शिरलं आहे, एवढं नक्की.

आणि सप्टेंबरच्या अखेरीस, स्वच्छ उन्हात, सकाळी अकराच्या थोडं आधी फ्री डिशचं चित्र काही मिनिटं गेलं तर पाना घेऊन बाहेर धावू नका. मार्चसारखाच सूर्य पुन्हा उपग्रहाच्या मागे आलेला असतो. सलग काही दिवस त्याच वेळेला असं होतं, मग आपोआप थांबतं.